घरच्या घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल बदलणं : कोकणातल्या अंगणात जमेल का?

चिऱ्याचं_घर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांची होंडा सिटी आहे, २०१२ ची, पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. आधी ठाण्यात होती. बाबा निवृत्त झाले तशी गाडीही त्यांच्याबरोबर गावी आली, पावसजवळ. ७८ हजार किलोमीटर झालेत. इंजिनाची काही तक्रार नाही. पण गेल्या वर्षभरापासून सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का बसतो. रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम ‘धप्’ करून पकडते. गाडी तापली की त्रास बराच कमी होतो.

बिलांची फाईल काढून बसलो. इंजिन ऑईल दरवर्षी बदललेलं, कूलंट दोनदा, ब्रेक ऑईल एकदा. गिअरबॉक्सचं ऑईल एवढ्या वर्षांत एकदाही नाही. एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर म्हणाले, “हे आयुष्यभराचं असतं, हात लावू नका.” दुसरीकडे म्हणाले, “मशीन लावून सगळं धुऊन काढू.” दोघांनीही डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघितली नाही, ह्याचं वाईट वाटलं.

बाबांचे गुडघे दुखतात. क्लच दाबावा लागत नाही म्हणूनच ही गाडी ते चालवू शकतात. रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचं, बँकेत जायचं, सगळं ह्याच गाडीवर. ती बंद पडली की बाबा घरात अडकले. त्यामुळे घाईघाईने काही करायचं नाही आणि नुसतं बघत बसायचंही नाही.

माझ्याकडे सॉकेटचा सेट आहे, दोन जॅक स्टँड आहेत, इंजिन ऑईल मी घरीच बदलतो. पण गिअरबॉक्सला आजवर हात लावलेला नाही. हे अंगणात जमण्यासारखं काम आहे का? आणि इतक्या जुन्या ऑईलला छेडावं का?

नट_बोल्ट

जमण्यासारखं आहे, आणि तुमच्या गाडीला तर नक्कीच. ऑटोमॅटिकमध्ये घरी ऑईल बदलायला ह्याच्याइतकी सोयीची गाडी क्वचित मिळते. तुमच्या गिअरबॉक्सला खाली ऑईल काढायचा ड्रेन बोल्ट आहे, वर डिपस्टिक आहे. चेंबर खोलायला लागत नाही.

आधी हे ऑईल काय काम करतं ते सांगतो, म्हणजे धक्का का बसतो ते कळेल. मॅन्युअल गाडीत गिअर ऑईल फक्त वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑईल हात-पायही असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसऱ्याची पाती आपोआप फिरायला लागतात. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असंच होतं, फक्त हवेच्या जागी हे ऑईल. पुढे गिअर बदलायला आतले क्लच दाबले जातात तेही ह्याच ऑईलच्या दाबाने. आतली उष्णता उचलून कूलरपर्यंत नेणारंही हेच. आणि क्लचच्या चकत्यांनी किती घसरायचं आणि कधी घट्ट धरायचं हे ऑईलमधल्या रसायनांवर ठरतं. ती रसायनं संपत आली की पकड एकतर उशिरा येते नाहीतर धक्क्याने येते. तुमच्या बाबांना जाणवतंय ते बहुधा हेच.

‘आयुष्यभराचं’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावं, कोणाच्या आयुष्याचं? ऑईल तापतं, हवेशी संयोग होऊन जुनं होतं. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की हा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा ढोबळ नियम आहे. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचं ऑईल ताजं असणं शक्य नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. ड्रेन बोल्ट काढल्यावर सगळं ऑईल बाहेर येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त राहतं. समजा एकूण ६ लिटर आहे आणि एका वेळी अडीच लिटर निघतं. पहिल्या खेपेनंतर आत जुनं ५८ टक्के उरलं. थोडे दिवस चालवून परत अडीच काढलं, भरलं, की ३४ टक्के. तिसऱ्यांदा केलं की २०. म्हणून एकदाच बदलून “काही फरक पडला नाही” म्हणू नका. तीन खेपा धरून चला, मध्ये चार-पाचशे किलोमीटर जाऊ द्या.

मशीनने दाब देऊन धुणं मी तुमच्या जागी करणार नाही. इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये क्लचचा बारीक भुगा तळाशी बसलेला असतो. तो एकदम उठवून बारीक वाटांमध्ये ढकलण्यापेक्षा हळूहळू बाहेर काढलेला बरा.

ऑईल कोणतं, ह्यात तडजोड नको. तुमच्या गाडीला होंडाचं एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) डीडब्ल्यू-१. पूर्वी झेड-१ यायचं, त्याच्या जागी हे आलं आणि जुन्या गाड्यांनाही हेच चालतं. सीलबंद डबे अधिकृत काउंटरवरूनच घ्या.

सुरंगी

माझी सेलेरिओ आहे, ती पण ऑटोमॅटिक. तिलाही हेच लाल ऑईल घालायचं का? आमच्या इथला मुलगा म्हणाला की सगळ्या ऑटोमॅटिकना एकच लागतं.

नट_बोल्ट

सुरंगीताई, नाही हो! बरं झालं विचारलंत. सेलेरिओतला गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच आहे, २०१४ मध्ये ती गाडी आली तेव्हापासून. तुमच्याऐवजी क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्रणा बसवलेली आहे. तिला मॅन्युअलचंच गिअर ऑईल लागतं, आणि त्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑईल वेगळं. तिथे एटीएफ ओतलं तर गिअरबॉक्सचं नुकसान होईल.

‘ऑटोमॅटिक’ ह्या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. तुमचं हे एक. दुसरं टॉर्क कन्व्हर्टरवालं, ज्याबद्दल हा धागा आहे. तिसरं सीव्हीटी, त्यात पोलादी पट्टा दोन पुलींवर चालतो. त्याचं ऑईल पूर्ण वेगळं. २०१४ पासूनच्या सिटीत सीव्हीटी आहे, तिला एचसीएफ-२ लागतं. नाव ‘सिटी’च, पण चिऱ्याचं_घर ह्यांचं ऑईल त्या गाडीत घातलं तर पट्टा घसरून खराब होईल. चौथं दोन क्लचचं, डीएसजी वगैरे. ते अंगणात करायच्या भानगडीत कोणी पडू नये.

म्हणून कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. गाडीच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडा, तिथे ऑईलचं नाव आणि प्रमाण दोन्ही छापलेलं असतं.

देवगडी

माझो अनुभव वायच वेगळो आसा. माझ्या मेव्हण्याची जुनी गाडी गिअरात घसराक लागलेली. ऑईल बदलल्यान आणि आठवड्यात गाडी हलाचीच बंद झाली. तेव्हापासून घरात सगळे म्हणतत, जुन्या ऑईलाक हात लावचो नाय. ह्या खरा की खोटा?

नट_बोल्ट

देवगडी, हा अनुभव पुष्कळ लोकांचा आहे आणि तो खोटा नाही. पण कारण उलटं आहे. तुमच्या मेव्हण्यांची गाडी आधीच घसरत होती. म्हणजे क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर झिजून गेलं होतं. जुन्या ऑईलमध्ये तोच भुगा मिसळलेला असतो, त्याने थोडीफार पकड मिळत राहते असं म्हणतात. नवीन स्वच्छ ऑईल आलं की ती पकडही जाते. मरणाला टेकलेल्या माणसाला शेवटी डॉक्टरकडे नेलं आणि दोष डॉक्टरला, असं होतं.

म्हणून आधी डिपस्टिक काढून बघायचं. ऑईल तपकिरी झालंय, वास साधारण आहे, गाडी घसरत नाही, तर बिनधास्त बदला. ऑईल काळंकुट्ट, जळका वास, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, अशी लक्षणं असतील तर ऑईलने बरं होणारं दुखणं ते नाही.

घाटवाट

मी क्रिस्टा ऑटोमॅटिक चालवतो, प्रवासी भाड्याची. रत्नागिरी-कोल्हापूर आंबा घाटातून आठवड्यातून दोनदा तरी होतंच. माझे चार शब्द.

कंपनीच्या वेळापत्रकात नेहमी दोन रकाने असतात, साधा वापर आणि कठीण वापर. आपण कोकणातले सगळे दुसऱ्या रकान्यात. घाटात पूर्ण भरलेली गाडी, मे महिन्याचं ऊन, आणि गणपतीला माणगावच्या कोंडीत चार-चार तास एक पाऊल पुढे, एक थांबा. कोंडीत गाडी पळत नाही म्हणून गिअरबॉक्सला आराम मिळतो असं लोकांना वाटतं. खरं तर कूलरला वारा मिळत नाही आणि कन्व्हर्टर आतल्या आत ऑईल घुसळत राहतो.

घाट चढताना डी मध्ये ठेवून पाय दाबून धरू नका. गिअरबॉक्स चौथा-तिसरा-चौथा असा हेलकावे खातो आणि प्रत्येक वेळी ऑईल तापतं. हाताने खालच्या गिअरवर आणा आणि तिथेच ठेवा. सिटीला स्टिअरिंगच्या मागे पॅडल आहेत ना, त्यासाठीच आहेत. उतरतानाही तेच, ब्रेकही वाचतात. आंबा, कुंभार्ली, करूळ, कुठलाही घाट घ्या.

आमच्या गाडीला डिपस्टिक नाहीच. खालून एक बोल्ट काढायचा, इंजिन चालू, ऑईल ठराविक तापमानाला असताना थेंब-थेंब सांडायला लागलं की पातळी बरोबर. त्या तापमानाच्या आकड्याला स्कॅनर लागतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी हे काम काढलं तर गाडी चालू करेपर्यंतच ऑईल त्या आकड्याला टेकलेलं असतं, हात चालवायला वेळच उरत नाही. मी पहाटे करतो. ज्यांच्याकडे सिटीसारखी डिपस्टिक आहे त्यांनी देवाचे आभार माना.

हर्णै_बंदर

मी बोटींच्या इंजिनांचं काम करतो. गाडीतला तज्ज्ञ नाही, पण समुद्राच्या काठावरचा बोल्ट खोलण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, म्हणून लिहितो.

ड्रेन बोल्टला पाना लावण्याआधी ऑईल भरायची जागा उघडून बघा. खालून सगळं ऑईल काढलं आणि वरचं झाकण गंजून बसलेलं निघालं, तर गाडी जागेवरच. आदल्या रात्री दोन्हीकडे गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. खारी हवा ॲल्युमिनियमच्या घरात (म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचात) लोखंडी बोल्ट अशी काही चिकटवते की जोर केला की बोल्ट फिरतो आणि घराचे आटे घेऊन बाहेर येतो. आटे गेले की काम दहा पट वाढलं. झटका देऊ नका, सलग जोर द्या. हलला नाही तर थांबा, परत स्प्रे मारा, चहा घेऊन या.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. गाडीखाली चिरा लावायचा नाही. आपल्याकडे अंगणात चिऱ्यांची रास असतेच आणि हात आपोआप तिकडे जातो. चिरा घराच्या भिंतीत वर्षानुवर्षं उभा राहतो कारण तिथे वजन सगळीकडे सारखं पडतं. जॅकच्या टोकाएवढ्या जागेवर टनभर वजन आलं की तो फुटतो, आणि फुटण्याआधी आवाज देत नाही. आमच्या गावात एका मुलाचा हात असा गेला आहे.

चिऱ्याचं_घर

हर्णै_बंदर, मनापासून आभार. खरं सांगतो, मागच्या चाकांना लावायला म्हणून मी चार चिरे काढून ठेवले होते आणि त्यातला एक जॅकखाली घेण्याचं मनात होतं. आता जॅकखाली फणसाची जाड फळी आणि गाडी स्टँडवर.

डिपस्टिक बघितली. कपड्यावर उतरलेला डाग काळपट तपकिरी, जळका वास नाही. रविवारी सकाळी करतो.

वाशिष्ठीकाठ

थोडं विषयाला सोडून, पण कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याने वाचावं म्हणून लिहितो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी चिपळूण बाजारपेठेत होती. पाणी स्टिअरिंगच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचं लक्ष इंजिन आणि सीटांकडे. गिअरबॉक्सचं कोणी नावच काढलं नाही. पण गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं.

ज्या गॅरेजने गाडी दुरुस्त केली त्यांनी इंजिन ऑईल बदललं आणि गाडी चालू करून दिली. आठवड्याने मी स्वतः गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. मंडळी, टोकाला सोलकढी होती. अगदी तोच रंग, तोच दाटपणा. लाल ऑईल आणि पाणी घुसळून एक झालं होतं.

तातडीने तीन वेळा बदललं, दोनशे किलोमीटरच्या आत. रंग सुधारला. पण क्लचचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं असतं आणि ते डिंकासारख्या चिकटवणीने बसवलेलं असतं, पाणी त्याचा घात करतं. आठ महिन्यांनी गाडी थरथरायला लागली आणि गिअरबॉक्स खोलावा लागला. पहिल्या दिवशी, गाडी चालू करण्याआधी ऑईल काढलं असतं तर कदाचित वाचला असता. पाण्यात गेलेली गाडी ढकलत न्या, ओढत न्या, पण गिअरबॉक्सचं ऑईल बघितल्याशिवाय चालू करू नका. ओढायची तर इंजिन जी चाकं फिरवतं ती उचलूनच, नाहीतर कोरडा गिअरबॉक्स फिरत राहतो.

नट_बोल्ट

वाशिष्ठीकाठ, तुमचा हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा. एक जोड देतो. पुरात न गेलेल्या गाडीतही डिपस्टिकवर सोलकढी दिसू शकते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल गार करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की कूलंट आणि ऑईल एकमेकांत मिसळतात. तेव्हा नुसतं ऑईल बदलून उपयोग नाही, आधी रेडिएटर बदलायचा.

चिऱ्याचं_घर

झालं! जसं झालं तसं सांगतो, चुकांसकट.

सकाळी सहाला बाबांनी गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणली, पंधरा मिनिटं, ऑईल कोमट होऊन पातळ व्हावं म्हणून. मग अर्धा तास थांबलो, हात भाजू नयेत म्हणून. आमचं अंगण ओटीकडून आगराकडे उतरतं, म्हणून गाडी गोठ्यासमोरच्या कोब्यावर घेतली, तेवढीच जागा सपाट आहे. हँडब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चिरे लावले. इथे एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सिटीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे पी मध्ये टाकल्यावर अडकतात ती पुढचीच चाकं. आणि उचलणार आपण पुढचीच! म्हणजे पुढून गाडी हवेत गेली की पी चा काही उपयोग नाही, सगळी भिस्त हँडब्रेकवर आणि त्या चिऱ्यांवर. स्टँडवर घेतल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघितली, मगच खाली शिरलो.

आधी डिपस्टिक काढून भरायची वाट मोकळी आहे ह्याची खात्री केली. मग ड्रेन बोल्ट. ह्याच्या डोक्यात चौकोनी खाच आहे, तीन अष्टमांश इंचाच्या रॅचेटचं टोक सॉकेटशिवाय थेट बसतं. इंजिन ऑईलचा बोल्ट वेगळा, सतरा नंबरचा षट्कोनी. हा फरक नीट बघून घ्या. माझ्या एका मित्राने इंजिन ऑईल काढतोय असं समजून गिअरबॉक्स रिकामा केला होता आणि मग इंजिनात दुप्पट ऑईल ओतलं होतं.

बोल्ट पहिल्या जोराला हलला नाही. हर्णै_बंदर ह्यांचं आठवून थांबलो, स्प्रे मारला, आईने चहा दिला. दुसऱ्या खेपेला ‘कट्’ असा आवाज आला आणि सैल झाला. खाली घमेलं होतंच.

नवीन ऑईल आमच्या घरच्या कोकमाच्या आगळासारखं लालबुंद असतं. घमेल्यात पडलं ते मात्र उकळून उकळून कडू झालेल्या काढ्यासारखं. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ त्या घमेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एवढी वर्षं बिचारी ह्याच्यावर चालली.”

बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करंगळीच्या नखाएवढा काळा लगदा जमला होता. पांढऱ्या बनियनच्या कापडावर पुसला, उरलेला बोटांत चोळून बघितला. काजळासारखा मऊ, कुठेही खर लागली नाही. टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे नव्हते. नट_बोल्ट, हे ठीक आहे ना?

काढलेलं ऑईल पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांत ओतून मोजलं. दोन भरल्या आणि तिसरी निम्म्याला थोडी कमी. बोल्टला नवीन ॲल्युमिनियमचा वॉशर लावून घट्ट केला. टॉर्क रेंच मित्राचा आणला होता, ४९ न्यूटन-मीटरवर. अंदाजाने आवळला असता तर मी नक्की जास्त आवळला असता, कारण हाताला तो ‘पुरेसा’ वाटतच नव्हता.

भरणं हे सगळ्यात वेळखाऊ. डिपस्टिकची नळी बारीक आहे. नरसाळ्याला हातभर पारदर्शक पाइप लावला आणि धार बारीक ठेवून ओतत बसलो. जेवढं निघालं तेवढंच मोजून घातलं. मग गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असं प्रत्येक ठिकाणी पाच-पाच सेकंद थांबत दोनदा फिरवलं. गाडी खाली घेतली, वीस मिनिटं चालवली, परत कोब्यावर आणून बंद केली. ह्या गाडीच्या पुस्तकात पातळी बघायची वेळ ठरवून दिलेली आहे, इंजिन गरम असताना बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत. मोबाईलवर वेळ लावून बघितलं. वरच्या खुणेच्या किंचित खाली.

चूक एकच झाली. पहिल्यांदा पातळी बघताना डिपस्टिक न पुसता काढली, ती नळीतल्या ऑईलने माखलेली होती आणि पातळी भलतीच वर दिसली. घाबरून ऑईल परत काढायला निघालो होतो. पुसून, परत बुडवून बघितल्यावर बरोबर निघाली.

फरक? रिव्हर्सचं ‘धप्’ बरंच कमी झालंय. दुसऱ्या-तिसऱ्यातला धक्का अजून आहे.

नट_बोल्ट

छान काम केलंत. काजळासारखा लगदा म्हणजे क्लचची आणि गिअरची रोजची झीज. खर लागली असती तर मी तुम्हाला थांबवलं असतं. धक्का अजून असणारच, आत अर्ध्याहून जास्त जुनं आहे. पातळी वरच्या खुणेच्या वर कधी जाऊ देऊ नका. जास्त झालं की गिअर ऑईलला रवीसारखे घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी झालं की पंप हवा ओढतो. दोन्हीत क्लच घसरतात.

सुरंगी

काढलेल्या ऑईलचं काय केलंत? आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून. उरलेलं आगरात ओततात.

चिऱ्याचं_घर

ताई, आमच्याकडेही हेच चालायचं. आजोबांच्या काळापासून गोठ्याच्या मेढींना काळं ऑईल. पण मी ह्या वेळी बाटल्या बंद करून ठेवल्यात. आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. आगरात ओतलेलं पहिल्या पावसाबरोबर खाली उतरतं, आणि आमची विहीर आगरापासून वीस पावलांवर आहे. त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही वापरलेलं ऑईल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. रत्नागिरीतल्या एका मोठ्या गॅरेजचा पिंप असा नियमित उचलला जातो. त्यांना विचारलं, त्यांनी आनंदाने घेतलं.

हर्णै_बंदर

ही फार चांगली गोष्ट सांगितलीत. बंदरात पाण्यावर रंगीत तवंग दिसतो तेव्हा पोटात कालवतं. तो आम्हा इंजिनवाल्यांचाच असतो.

चिऱ्याचं_घर

पाच आठवड्यांनी लिहितोय. दुसरी खेप ४५० किलोमीटरवर केली, तिसरी काल, पाऊस सुरू व्हायच्या आत. दुसऱ्यांदा निघालेलं ऑईल कोऱ्या चहासारखं, तिसऱ्यांदा गढूळ लालसर. चुंबकावर काल नुसता पुसट थर होता. दर वेळी नवीन वॉशर. एकूण साडेसात लिटर लागलं, आठ डबे आणले होते. उरलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावून वर प्लॅस्टिक बांधलंय, कारण पावसाळ्यातली दमट हवा उघड्या डब्यात शिरली तर ते ऑईल पुढच्या वेळी वापरण्यासारखं राहणार नाही.

तिन्ही वेळा रात्री गाडीखाली आंब्याचं रिकामं खोकं उलगडून पसरून ठेवलं होतं. सकाळी पुठ्ठा कोरडा. एटीएफ लाल असल्याचा हा फायदा, एक थेंब जरी पडला असता तरी कळला असता की इंजिनाचा की गिअरबॉक्सचा.

आज सकाळी मुद्दाम काही न बोलता बाबांना किल्ली दिली. गाडी रात्रभर उभी, पूर्ण थंड. मी शेजारी बसलो. त्यांनी रिव्हर्स टाकला, गाडी लोण्यासारखी मागे आली. फाट्यापर्यंत मी प्रत्येक गिअर मोजत होतो. दुसऱ्या-तिसऱ्यात बारीकशी जाणीव होते अजून, पण धक्का म्हणता येणार नाही. बाबा गणपतीपुळ्याची गोष्ट काढून बोलत होते, गिअरबॉक्सबद्दल काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर विचारलं, तर म्हणाले, “अरे हो, विसरलोच की. आज काही जाणवलंच नाही.”

घाटवाट

बाबांना नमस्कार सांगा. पुढची खेप किती किलोमीटरवर ठरवलीत?

चिऱ्याचं_घर

चाळीस हजारांवर एक खेप, किंवा तीन वर्षं, जे आधी होईल ते. तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. डिपस्टिक मात्र दर दोन महिन्यांनी बघणार, आणि पावसात पाण्यातून गाडी गेली तर त्याच दिवशी.

देवगडी

माझ्याकडे पण हीच गाडी आसा, २०११ ची. वॉशर कितीचो लागता? आमच्या हय इंजिनाचोच दाखवतत.

चिऱ्याचं_घर

इंजिनाचा बसणार नाही, तो चौदाचा असतो. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला अठरा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा लागतो. तीन एकदमच घ्या, तीन खेपांना.